चार ओळींची मोकळी जागा

दिवाळी अंकाचा शेवटचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, संध्याकाळी छपाईला जायचा होता. मी केलेल्या अनुवादाचं प्रूफ दुपारी हातात आलं आणि नवव्या पानावर माझ्या छातीत धस्स झालं.

लेख फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तचा, आधीच्या पिढीतल्या फ्लोबेर या कादंबरीकाराच्या शैलीवरचा. १९२०च्या जानेवारीत तो 'नुव्हेल रव्ह्यू फ्रांसेज'मध्ये आला. त्याआधी नोव्हेंबरच्या अंकात आल्बेर तिबोदे या समीक्षकाने लिहिलं होतं की फ्लोबेर काही जातिवंत थोर लेखक नव्हे. प्रूस्तने दोन महिन्यांत त्याच मासिकात उत्तर दिलं. फ्लोबेरमध्ये एकही सुंदर रूपक सापडणार नाही बहुधा, हे तो सरळ कबूल करतो. आणि तरी म्हणतो, या माणसाने क्रियापदाचे काळ असे वापरले की आपली बघण्याची रीतच बदलली. दोष मान्य करून, व्याकरणात शिरून एखाद्याची बाजू घ्यायची, ही समीक्षा मला फार मोलाची वाटते. फ्लोबेरच्या लांबत जाणाऱ्या भूतकाळासाठी मी मराठीतला रीतिभूतकाळ घेतला: जाई, बसे, बघत राही. हल्ली तो लिहिण्यातून जवळजवळ गेलाच आहे. या निमित्ताने पुन्हा हाताशी आला.

पण लेखाचा प्राण वेगळ्याच जागी आहे. फ्लोबेरच्या १८६९च्या 'लेदुकास्यों साँतिमाँताल' या कादंबरीत, डिसेंबर १८५१च्या सत्तापालटाच्या दिवसांत, पॅरिसच्या रस्त्यावर एक पोलीस 'प्रजासत्ताक चिरायु होवो' म्हणणाऱ्या दुसार्दिएला, नायक फ्रेदेरिकच्या मित्राला, तलवारीने मारतो. फ्रेदेरिक आ वासून बघतो, तर तो पोलीस सेनेकाल! कालपर्यंतचा कडवा प्रजासत्ताकवादी. तिथे प्रकरण संपतं. पुढचं सुरू होतं दोन शब्दांनी: 'तो हिंडला.' मधली वर्षंच्या वर्षं त्या कोऱ्या जागेत गेली. प्रूस्तच्या मते साऱ्या कादंबरीत सर्वांत सुंदर काय असेल, तर ती कोरी जागा.

प्रुफात ती नव्हती. 'सेनेकालला ओळखलं' आणि 'तो हिंडला' एका ओळीत, एका परिच्छेदात.

मी तडक डीटीपीच्या खोलीत गेले. पानं लावणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, मॅटर चार ओळी पुढच्या पानावर जात होतं. इथे उगाच जागा सुटली होती, ती आवळली."

त्याची चूक नव्हती. मी हस्तलिखितात चार ओळी सोडल्या होत्या, पण समासात तसं लिहिलं नव्हतं. मी खुर्ची ओढली आणि त्याला तो उतारा मोठ्याने वाचून दाखवला. तो स्क्रीनकडे बघत ऐकत होता. मग विचारलं, "म्हणजे मारणारा ओळखीतलाच?"

"हो. आणि मरणारासुद्धा."

पान वाढवणं शक्य नव्हतं. संपादकांना फोन केला. ते म्हणाले, कुठूनही चार ओळी काढा. प्रूस्तच्या काढायला हात धजेना. शेवटी माझ्या प्रास्ताविकातला एक परिच्छेद काढला, प्रूस्तला हा लेख येण्याच्या महिनाभर आधीच गोंकूर हा फ्रान्समधला मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला होता, तो मजकूर. बरोब्बर पाच ओळींचा निघाला.

त्याने 'ओळखलं'च्या पुढे कर्सर नेला आणि एंटर दाबू लागला. एक, दोन, तीन, चार. जरा थांबला. पाचव्यांदा दाबलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "उरलीय ती पण इथेच राहू दे."

चारला दहा मिनिटं असताना फॉर्म गेला.