दुसरा टॉर्क

विमानाच्या उजव्या पायाच्या बाहेरच्या चाकावर बोटभर चिरा पडला होता आणि चिऱ्यातून टायरच्या आतले दोर दिसत होते. दोर दिसले की पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही, चाक बदलायचं. शनिवार होता, आषाढाची झिमझिम सकाळपासून लागलेली. सांबऱ्याला उतरलेलं आमचं एटीआर 72 विमान तासाभरात परत निघणार होतं आणि आत टर्मिनलमध्ये 70च्या आसपास माणसं तपासणी उरकून बसली होती.

मी तेव्हा बेळगावच्या लाईन स्टेशनवर, म्हणजे दोन उड्डाणांच्या मधे विमान तपासतात तिथं, इंजिनिअर होतो. सोबत मुतग्याचा एक पोरगा होता. तीन दिवसांपूर्वी बेसवरून, म्हणजे कंपनीच्या मुख्य दुरुस्ती केंद्रावरून, दोन आठवड्यांसाठी माझ्याकडे पाठवलेला, ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं शिक्षण, करायला. मुतग्यातून सांबरा विमानतळ सायकलीच्या अंतरावर. 1942 साली ब्रिटिशांच्या हवाई दलानं बांधलेली ही धावपट्टी, शेजारी एअरफोर्सचं ट्रेनिंग स्कूल. आमच्या भागातली पोरं विमानाचा आवाज ऐकतच मोठी होतात. पण आवाज ऐकणं वेगळं आणि विमानाखाली हात घालणं वेगळं. त्याचे वडील उद्यमबागेतल्या कारखान्यात टर्नर. एकदा बोलता बोलता त्यानं सांगितलं की बाबांना अर्धा सूत इकडेतिकडे झालेलं नुसत्या नखानं कळतं. मला ते खरं वाटलं, कारण असे कारागीर मी पाहिलेत.

लायसन्स मिळालं की विमानावर सही करता येते, असा बऱ्याच घरांत समज असतो. आमच्या येळ्ळूरच्या घरीही होता. प्रत्यक्षात डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचं, बी1.1 वर्गाचं लायसन्स हातात आलं तरी कुठल्या विमानावर सही करायची, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी त्या जातीच्या विमानाचा टाईप कोर्स करावा लागतो आणि त्या वर्गातलं पहिलंच टाईप रेटिंग, म्हणजे लायसन्सवर त्या जातीच्या विमानाची नोंद, असेल तर त्यावर ओजेटी. म्हणजे मान्यता असलेल्या मेंटेनन्स संस्थेत, खऱ्या विमानावर, खरं काम, लायसन्सवाल्या सुपरवायझरच्या नजरेखाली. सीएआर-66 या डीजीसीएच्या लायसन्सच्या नियमांमध्ये कामांची लांबलचक यादी आहे. आपल्या विमानाला आणि वर्गाला लागू असलेल्यांतली निदान निम्मी करायची. प्रत्येक कामाला लॉगबुकात एक ओळ: तारीख, विमानाचं रजिस्ट्रेशन, जॉब कार्डाचा नंबर, शिकणाऱ्याची सही आणि शेजारी सुपरवायझरची. सगळं संपल्यावर असेसर बसून तपासतो. आणि हे सगळं अर्ज करण्याआधीच्या 3 वर्षांत सुरू होऊन संपलेलं पाहिजे. घड्याळ सतत टिकटिकत असतं, पोरं घायकुतीला येतात ती त्यामुळंच.

पहिल्या दिवशी मी त्याचं लॉगबुक चाळलं होतं. ‘मेन व्हील बदलणे’ ही ओळ भरलेली, शेजारी सही. सही दुसऱ्या एका ठिकाणची होती. म्हणून त्या शनिवारी मी निर्धास्तपणे म्हणालो, "तू कर. मी बघतो."

चोक लावले, लँडिंग गिअरच्या पिना घातल्या, जॅक लावून पाय चाक फिरेल एवढा उचलला. इथपर्यंत सगळं नीट. मग त्यानं हबकॅप काढली, नटाचं लॉक सोडवलं आणि सॉकेट थेट ॲक्सल नटावर चढवलं.

मी त्याचं मनगट धरलं.

"हवा?"

तो माझ्याकडे बघत राहिला. विमानाचं चाक दोन अर्ध्यांचं असतं, बोल्टांनी एकमेकांना आवळलेलं, आत नायट्रोजन दाबून भरलेला. त्यातले बोल्ट तडकलेले असतील तर बाहेरून दिसत नाही. ॲक्सलचा नट असेपर्यंत तो ते अर्धे धरून ठेवतो. नट सुटला की आतला दाब दोन अर्धे फेकून देऊ शकतो, समोरच्या माणसाच्या अंगावर. म्हणून आधी हवा सोडायची आणि मगच नटाला हात लावायचा. ज्यानं एकदा जरी स्वतःच्या हातानं चाक काढलंय त्याच्याकडून हे चुकणार नाही.

"हे काम आधी केलंयस?"

पाऊस त्याच्या टोपीवरून गळत होता. "टॉर्च धरली होती, सर," तो म्हणाला. "त्यांनी केलं. नंतर सगळ्या ओळींवर एकदम सही झाली."

मला राग आला. त्याच्यावर आला त्यापेक्षा कितीतरी जास्त त्या सहीवर आला. तो शिकणारा आहे, त्याला ओळी भरायची घाई असणारच. समोरच्यानं मात्र ‘मी पाहिलं’ असं लिहून दिलं होतं आणि पाहिलं काहीच नव्हतं. उद्या हाच पोरगा एखाद्या पहाटे एखाद्या स्टेशनवर एकटा उभा असता, हातात सॉकेट, मागं कोणी नाही.

आता काय करायचं? मी स्वतः केलं असतं तर काम लवकर उरकलं असतं. स्टेशनवरून मला तसंच सुचवण्यात आलं होतं. पण मॅन्युअलचं पान उघडून मी त्याच्या हातात दिलं आणि म्हणालो, पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाच आणि कर. वाचल्याशिवाय हात हलवायचा नाही.

त्यानं हवा सोडली. दाब गेल्याचं गेजनं पाहिलं. नट काढला, चाक ओढून घेतलं, ॲक्सल पुसला, ब्रेकच्या चकत्या एका रेषेत आहेत का पाहिलं, झिजेची पिन किती बाहेर आहे ते मला दाखवलं. ॲक्सलवर ग्रीसचा पातळ हात दिला. नवं चाक आम्ही दोघांनी मिळून चढवलं. स्टोअरमधून आणलेल्या टॉर्क रेंचचं, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्याचं, कॅलिब्रेशनचं स्टिकर त्यानं न सांगता वाचून दाखवलं, ते मला आवडलं.

नट आवळायच्या जागी मी थांबवलं. "इथं दोनदा टॉर्क का दिलाय?"

मॅन्युअलमध्ये असं आहे की चाक हातानं फिरवत ठेवायचं आणि फिरतं असताना नट एका मोठ्या आकड्यापर्यंत आवळायचा. मग तो पूर्ण ढिला करायचा. मग परत चाक फिरवत, यावेळी कमी आकड्यापर्यंत. तिथं लॉकची भोकं जुळवायची.

तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "आमच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला असंच करतात की, सर. आधी चाक फिरवत गच्च आवळायचं, मग सोडायचं, मग बेताचं. नाहीतर बेरिंग जळतंय."

मी म्हटलं, सांग, का जळतंय?

"रोलर तिरके असतात. गच्च आवळताना चाक फिरलं तर ते आपल्या जागेवर जाऊन बसतात. बसल्यावर तसंच गच्च ठेवलं तर तापतात. सैल ठेवलं तर चाक डुगडुगतंय."

टेपर रोलर बेरिंगचं याहून चांगलं वर्णन मी कुठल्याही वर्गात ऐकलेलं नाही. मुतग्याच्या शेतात ट्रॅक्टर दुरुस्त होताना बघत उभं राहिलेल्या पोराला जे कळलं होतं तेच इथं इंग्रजीत छापलेलं होतं. फरक फक्त एवढा की तिथं ‘बेताचं’ हाताला कळतं आणि इथं ते आकड्यात असतं. तो आकडाही आठवणीनं सांगायचा नाही. रोज करत असलात तरी पान उघडून, आजची आवृत्ती आहे का बघून, मगच रेंच लावायचा. हे मी त्याला तीन दिवसांत दहा वेळा सांगितलं असेल.

पहिला टॉर्क माझ्यासमोर झाला. मी चाक फिरवत होतो, तो आवळत होता. क्लिक ऐकू आला. त्यानं नट ढिला केला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ग्राउंड स्टाफ होता. "इन्नू एष्ट होत्तु, सर?" अजून किती वेळ? मी पंखाखालून बाजूला सरलो, पाठ वळवली आणि कन्नडमधून त्याला समजावू लागलो. तो ऐकेना. प्रवाशांमध्ये एक म्हातारी होती, पुढचं विमान गाठायचं होतं, तो मला त्यांच्याबद्दल सांगत होता. त्याचंही चुकत नव्हतं, त्याच्यासमोर ती माणसं बसली होती. दोनेक मिनिटं गेली.

मी वळलो तेव्हा पोरगा उभा होता. "झालं, सर. दुसरा टॉर्क दिला. मीच चाक फिरवलं एका हातानं. भोकं पण जुळली."

मी चाक फिरवून पाहिलं. मोकळं फिरत होतं. हलवून पाहिलं, डुगडुग नाही. नटाकडे पाहिलं. नटाकडे पाहून टॉर्क कळत नाही.

"ढिला कर. पहिल्यापासून दोन्ही."

त्याचा चेहरा पडला. "सर, बरोबर दिलाय. आईशप्पथ. तुम्ही बघितलं नाही एवढंच."

मी त्याला सांगितलं की तुझ्यावर अविश्वास म्हणून हे नाही. चूक माझी आहे. फोन घ्यायचाच होता तर आधी तुला हात थांबवायला सांगायला पाहिजे होतं. पण आता या ओळीवर सही मी करणार आहे, आणि विमान सोडण्याच्या सर्टिफिकेटवरही मीच करणार आहे. दुसरा टॉर्क मी पाहिलेला नाही. मग मी काय लिहून देऊ?

तो काही बोलला नाही. नट ढिला केला. परत मॅन्युअल वाचलं, परत पहिला टॉर्क, परत ढिला, परत दुसरा. चाक मी फिरवलं. फोन मी डब्यात ठेवला होता, तो आत गुरगुरत होता.

दुसऱ्या खेपेला लॉकची भोकं आधीच्याच जागी जुळली. म्हणजे त्यानं पहिल्यांदाही बरोबरच केलं होतं. बहुधा. पण हे मला दुसऱ्यांदा केल्यावर कळलं. लॉक, वायर, हबकॅप, नायट्रोजनचा दाब, जॅक खाली. विमान सव्वा तास उशिरा निघालं. त्यातला परत आवळण्यात गेलेला वेळ माझ्यामुळं गेला, असं मी उशिराच्या कारणात लिहिलं आणि स्टेशनच्या साहेबांनाही तेच सांगितलं. ते थोडे चिडले. चिडणं त्यांचं कामच आहे. ज्या म्हातारीचं पुढचं विमान चुकलं असेल तिच्याबद्दल मात्र मला आजही वाईट वाटतं.

संध्याकाळी सांबऱ्याच्या फाट्यावर चहा घेताना तो एकदम म्हणाला, "सर, त्या ओळीचं काय करू?"

"कुठल्या?"

"जुन्या. चाकाची आजची ओळ तुम्ही केलीत. पण ती पहिली तशीच आहे. आणि तशा अजून आहेत."

"किती?"

त्यानं बॅगेतून लॉगबुक काढलं. चहाच्या टपरीच्या बल्बखाली बसून त्यानं एकेक ओळ बोटानं दाखवत मोजलं. इथं टॉर्च धरली होती, इथं नुसता उभा होतो, या दिवशी मी शिफ्टलाच नव्हतो. अकरा निघाल्या.

मी त्याला स्पष्ट सांगितलं, मी त्या ओळींवर फुली मारू शकत नाही, त्या माझ्या नाहीत. आणि तुला गप्प राहायला सांगणार नाही, बोलायलाही भाग पाडणार नाही. बोललास तर त्या अकरा परत कराव्या लागतील. निम्म्याचा आकडा चुकेल, अर्ज लांबेल. अर्ज लांबला तर पगार लांबेल. हे सगळं त्याला माझ्याहून जास्त माहीत होतं. घरी लहान बहीण शिकत होती, उद्यमबागेत त्या वर्षी ओव्हरटाईम बंद होता.

मी हे लिहितोय ते मुख्यतः दुसऱ्या बाजूच्या माणसांसाठी, म्हणजे आम्हा सुपरवायझरांसाठी. पोरांना दटावणं सोपं असतं. पण आपण घाईत, शिफ्ट संपताना, ‘चांगला पोरगा आहे, शिकेल पुढं’ म्हणत एकदम दहा सह्या करतो तेव्हा त्याला काही देत नाही. शिकायची जी एकच वेळ होती, जेव्हा मागं कोणीतरी उभं होतं, ती त्याच्याकडून काढून घेतो. पुढं त्याला कोणी मनगट धरणारा नसतो.

दोन दिवसांनी त्यानं ट्रेनिंग विभागाला स्वतः मेल लिहिली. पाठवण्याआधी मला दाखवली. त्यात कोणाचं नाव घेऊन तक्रार नव्हती, फक्त ओळींचे नंबर आणि ‘हे काम मी प्रत्यक्ष केलेलं नाही’ एवढंच. मी एक स्पेलिंग सुधारलं. पुढं चौकशी झाली, त्याला दोनदा बेसवर बोलावलं. अकरापैकी सात कामं त्यानं तिथं परत केली, चार माझ्याकडे. त्याचं रेटिंग सोबतच्या पोरांपेक्षा पाच महिन्यांनी आलं.

ते आलं त्या रविवारी तो आणि त्याचे वडील कुंद्याचा डबा घेऊन येळ्ळूरला घरी आले. वडील कमी बोलणारे, तळहात काळे पडलेले, चहाची बशी दोन्ही हातांनी धरणारे. पोरानं घरी सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण थोड्या वेळानं त्यांनी मलाच विचारलं, "साहेब, त्यो नट शेवटाला किती आवळतासा?"

मी पोराकडे बघितलं.

"पान उघडून सांगावं लागतंय, बाबा," तो म्हणाला. "पाठ नाही सांगायचं."

वडिलांनी मान हलवली. "आमच्यातबी ड्रॉइंग बघितल्याबिगर जॉब लावत न्हाईत," ते म्हणाले आणि बशीत उरलेला चहा संपवला.