आई-बाबांना घेऊन झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन

अमेरिकेच्या पश्चिमेकडचे नॅशनल पार्क बघायचे ठरले की यादी वाढतच जाते. इतक्या लांब जातोच आहोत तर आर्चेसही करू, मॉन्युमेंट व्हॅलीही करू, असं होतं. आमच्या गाडीत साताऱ्याहून आलेले आई-बाबा होते, दोघंही सत्तरीच्या पुढचे, आणि मागच्या सीटवर दोन मुलं. आईचे गुडघे दुखतात. म्हणून मी यादी तीन पार्कांवर आणली आणि प्रत्येक ठिकाणी किमान दोन रात्रींचा मुक्काम धरला. नवऱ्याला ते पटायला वेळ लागला, पण मी अडून बसले. आपले आई-वडील एवढ्या लांबून येतात ते गाडीच्या काचेतून डोंगर बघायला नाही.

न्यू जर्सीहून विमानाने लास वेगास, तिथून भाड्याची मिनीव्हॅन. वेगास ते झायन साधारण १६० मैल, झायन ते ब्राइस दोन तास, मग पेज गावावरून ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ आणि परत वेगास. सगळ्यात जास्त कष्ट राहण्याच्या जागांचे पडले. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरच्या लॉजचं बुकिंग तब्बल १३ महिने आधी उघडतं. आमचं ठरलं तेव्हा सगळं भरलेलं होतं. पण लोक बुकिंग रद्दही करतात, म्हणून मी रोज रात्री जेवणं आटोपल्यावर संकेतस्थळ उघडून बसायचे. अखेर काठापासून चालत जाता येईल अशा दोन खोल्या मिळाल्या. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हा खटाटोप जरूर करा. दुपारी खोलीवर येऊन पाठ टेकता आली, तरच संध्याकाळी सूर्यास्ताला पुन्हा बाहेर पडायची उमेद राहते.

आई-बाबांचा आरोग्य विमा आधीच काढला होता. ब्राइसच्या उंचीबद्दल आईच्या डॉक्टरांनाही विचारून घेतलं. ब्राइसची कड २,४०० ते २,७०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. प्रवेशासाठी आमच्याकडे ८० डॉलरचा वार्षिक पास होता, त्यात गाडीतले सगळे आले. २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या रहिवाशांसाठी दर वेगळे आणि बरेच जास्त आहेत. भारतातून पालक येणार असतील तर आधी नवे नियम नीट वाचा.

खाण्याची जबाबदारी आईने घेतली. दशम्या, लसणाची चटणी, भडंग, आणि छोटा राइस कुकर. मुगाच्या खिचडीवर आमच्या बऱ्याच रात्री निघाल्या. पार्कच्या आसपास शाकाहारी माणसाला पिझ्झा आणि सॅलडपलीकडे फारसं काही मिळत नाही, आणि दिवसभर उन्हात फिरल्यावर मऊ भाताला तोड नाही.

झायनमध्ये वर्षातले बरेच महिने मुख्य दरीत खासगी गाडी नेता येत नाही. २००० सालापासून तिथे मोफत शटल चालते. आम्हाला ती फारच सोयीची झाली. आई हव्या त्या थांब्यावर उतरायची, बाकावर बसायची, मन भरलं की पुढची बस. नवऱ्याच्या मनात एंजल्स लँडिंग हा उंच सुळका होता, पण त्या साखळ्या धरून चढायच्या वाटेसाठी २०२२ पासून लॉटरीने परवाना घ्यावा लागतो. त्याने तो नाद सोडला आणि आम्ही सगळे व्हर्जिन नदीच्या काठाने पारूसच्या डांबरी वाटेवर चाललो. वर लाल-पांढरे कडे, खाली खळाळतं पाणी.

बाबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेत. उभी नोकरी घाटरस्त्यांवर, काळा पाषाण फोडण्यात गेली. झायनच्या पूर्वेकडे जाताना १९३० साली पूर्ण झालेला १.१ मैलांचा बोगदा लागतो. डोंगराच्या पोटातून काढलेला आणि मध्ये मध्ये दरीकडे उघडणाऱ्या खिडक्या ठेवलेला. बाबांनी गाडी हळू घ्यायला लावली. त्या काळात हे कसं फोडलं असेल, मलबा कुठून काढला असेल, याचं उत्तर ते पुढे ब्राइस येईपर्यंत नातवाला समजावत होते.

एप्रिलमध्येही ब्राइसला रात्री पारा शून्याखाली गेला. कानटोप्या, शाली, सगळं बाहेर निघालं. तिथले ते शेकडो नारिंगी सुळके याच थंडीने घडवलेत: दिवसा भेगांत पाणी झिरपतं, रात्री गोठून फुगतं आणि खडक फोडतं. वर्षातल्या दीडशेहून अधिक रात्री हे चालू असतं. सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट ही अर्ध्या मैलाची वाट पक्की आणि जवळपास सपाट आहे, आईने ती सकाळ-संध्याकाळ केली. रात्री सप्तर्षी इतके ठळक दिसले की मुलांना बोट दाखवून सांगावं लागलं नाही.

पेजला घड्याळाकडे लक्ष ठेवा. ॲरिझोना उन्हाळी वेळ (घड्याळ तासभर पुढे करणं) पाळत नाही, युटा पाळतं, नवाहो या मूळ अमेरिकी लोकांचा प्रदेशही पाळतो, आणि फोन मधूनच तासभर पुढे उडी मारतो. हॉर्सशू बेंड, म्हणजे नदीचं घोड्याच्या नालेसारखं वळण, बघायला नॅशनल पार्कचा पास चालत नाही. पार्किंगचे पैसे वेगळे. लोअर अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत शिड्या आहेत, म्हणून ते आम्ही वगळलं.

ग्रँड कॅन्यनचे आकडे आधी वाचलेले होते: लांबी ४४६ किलोमीटर, खोली दीड किलोमीटरहून जास्त. काठावर उभं राहिल्यावर आई बराच वेळ काही बोललीच नाही. समोरच्या शिखरांची नावं विष्णू टेंपल, शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपल आहेत हे मुलीने नकाशात वाचून दाखवलं, तेव्हा आईने हात जोडले. पौर्वात्य देवांची नावं देण्याची ही रीत १८८०च्या सुमारास क्लॅरन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञापासून सुरू झाली.

पण बाबांसाठी खरी पर्वणी होती ती 'ट्रेल ऑफ टाइम'. यावापाई संग्रहालयापासून काठाकाठाने जाणारी ही पक्की वाट. इथला एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. दर मीटरला जमिनीत धातूची खूण, आणि कडेला दरीतल्या त्या त्या काळच्या खडकाचे मोठे नमुने, हात लावून बघता येतील असे. बाबांनी नातवाला मोजायला लावलं. ६६ व्या मीटरला ते थांबले. "अरे, आपला सह्याद्री इथं. ज्या दगडात मी जन्म घालवला तो हा एवढाच जुना." दरीच्या अगदी वरचा कैबाब चुनखडक वाटेच्या सुरुवातीपासून २७० व्या मीटरला, आणि तळातला विष्णू शिस्ट नावाचा खडक पावणेदोन किलोमीटरच्या आसपास. आई निम्म्या वाटेवरून शटलने परतली. बाबा मात्र प्रत्येक दगडाला हात लावत, मध्ये मध्ये बाकावर बसत, विष्णू शिस्टपर्यंत गेले. तो काळपट, चमचमणारा दगड त्यांनी दोन्ही हातांनी चाचपला. मी आयुष्यात त्यांना इतकं आनंदात क्वचितच पाहिलंय.

त्याच संध्याकाळी मुलांनी ज्युनिअर रेंजर या पार्कच्या मुलांसाठीच्या उपक्रमाची पुस्तिका पूर्ण केली. खडकांच्या थरांचा भाग आजोबांनीच करून घेतला होता. रेंजरबाईंनी हात वर करून शपथ घ्यायला लावली, बिल्ले दिले, आणि पुस्तिकेतली चित्रं बघून आजोबांशीही हस्तांदोलन केलं.

येलोस्टोन आम्ही ठरवूनच पुढच्या खेपेला ठेवलंय. तिथले बरेच रस्ते हिवाळ्यात बंद असतात आणि एप्रिल-मेमध्ये टप्प्याटप्प्याने उघडतात, तेव्हा आई-बाबांची तिकिटं जूननंतरचीच काढायची आहेत.