सेफ्टीची जागा
आज सुट्टी असल्यामुळे अमेरिकन फुटबॉलमधील बफेलो बिल्स या संघाचे २०२२ च्या हंगामातील काही सामने पुन्हा पाहिले. सप्टेंबरमध्ये टेनेसीविरुद्ध संघाचा बचावपटू मायका हाइडच्या मानेला दुखापत झाली, त्याचा हंगाम तिथेच संपला आणि आदल्या वर्षी नवोदित खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) सहाव्या फेरीत निवडलेला डमार हॅमलिन बचावफळीच्या सर्वांत मागे, जिथे एक पाऊल चुकले तरी प्रतिस्पर्ध्याचा टचडाउन, म्हणजे थेट सहा गुण, होऊ शकतो, तिथे उभा राहिला. या जागेवरचा खेळाडू, म्हणजे सेफ्टी, कॅमेऱ्यात फारसा दिसत नाही, हे मला नेहमीच अन्यायाचे वाटते. २ जानेवारी २०२३ चा सिनसिनाटीतील सामना, ज्यात एका टॅकलनंतर हॅमलिनचे हृदय बंद पडले आणि मैदानावरच ते पुन्हा सुरू करावे लागले, तो लावण्याचे धैर्य मात्र झाले नाही; त्याऐवजी २०२४ मध्ये सुरुवातीच्या अकरांत परतलेला हॅमलिन डोळे भरून पाहिला.