कात्रज घाटातली धूळ आणि पाण्यात उतरणारं जस्त

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी कात्रज घाटातल्या वळणांवरची धूळ निवडली. उतारावर ब्रेक सतत दाबले जातात आणि ब्रेक पॅड झिजून तांबं, लोखंड, अँटिमनी रस्त्यावर पडतं. टायरच्या रबरात झिंक ऑक्साइड असतं, म्हणून जस्त तिथून. गाडी विजेवर चालली तरी टायर झिजतातच.

एकूण धातू मोजून मला भागणार नव्हतं. आपल्या काळ्या कातळातच लोखंड भरपूर, तांबंही बऱ्यापैकी. पण ते खनिजात घट्ट बसलेलं. ओढ्यातल्या जिवांना बाधतो तो मुख्यतः विरघळलेला भाग.

धूळ प्लास्टिकच्या ब्रशने गोळा केली, नायलॉनच्या चाळणीतून चाळली. धातूची चाळण चालत नाही, तिचेच कण नमुन्यात येतात. बाटल्या आधी सौम्य नायट्रिक आम्लात भिजवून ठेवलेल्या. मग बीसीआर पद्धत, म्हणजे धातू किती घट्ट धरलेला आहे ते टप्प्याटप्प्याने शोधायची रीत: एकाच नमुन्यावर आधी पातळ ॲसेटिक आम्ल, नंतर हायड्रॉक्सिलअमाइन, मग हायड्रोजन पेरॉक्साइड. पहिल्या टप्प्यात बाटल्या १६ तास शेकरवर हलत राहतात. प्रत्येक टप्पा धातूची पकड थोडी थोडी सोडवतो. सगळ्यात वेळखाऊ काम गाळण्याचं होतं, ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर बारीक मातीने लगेच तुंबतो.

जस्त पहिल्याच, सौम्य आम्लाच्या टप्प्यात भरपूर सुटलं. तांबं मात्र पेरॉक्साइडपर्यंत अडून राहिलं, कारण ते सेंद्रिय पदार्थांना धरून होतं. पण तेवढ्याने ते निरुपद्रवी ठरत नाही. पालापाचोळा कुजून तयार होणारी सेंद्रिय आम्लं पाण्यात गेली की तांबं त्यांच्याबरोबर वाहतं. लोखंड बहुतेक जागचं हललं नाही. हवेतल्या सूक्ष्म कणांवर गोष्ट वेगळी असते: सल्फर डायऑक्साइडपासून बनलेलं सल्फ्युरिक आम्ल कणावर साचतं, सामू (pH) फार खाली जातो आणि लोखंडही विरघळू लागतं. आपल्याकडच्या जाड धुळीतला चुना मात्र आम्ल बऱ्याच प्रमाणात मारतो.

कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा करून ब्रेक पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्याने कमी करायला लावलं. २०२५ पासून मर्यादा ०.५ टक्के आहे. असा नियम इथेही असावा, असं मला मनापासून वाटतं. घाटाच्या पुण्याकडच्या बाजूचं पाणी आंबिल ओढ्यातून मुठेला मिळतं. पुढचे नमुने मी पहिल्या पावसाच्या लोंढ्याचे घेणार आहे, कारण उन्हाळाभर साचलेली धूळ तेव्हाच एकदम वाहून जाते.