राजम्याचे व्हीगन बर्गर, जीरावन (इंदुरी मसाला) घालून

आज इंदुरी स्वयंपाकघरात राजम्याचे बर्गर. टिक्की तव्यावर फुटते ती बहुतेकदा पाण्यामुळे. १ वाटी राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, कुकरमध्ये बोटांनी सहज चिरडेल इतका शिजवा. मग निथळून कापडावर अर्धा तास पसरा. पाऊण भागच हाताने कुस्करा. मिक्सरमध्ये नुसता लगदा होतो. बांधायला अर्धी वाटी पोह्यांची पूड (इथे पोहे कुठल्या घरात नसतात!), चमचाभर जीरावन, आलं-मिरची. मीठ बेतानं, जीरावनात असतंच. टिक्क्या अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मध्यम आचेवर प्रत्येक बाजू ४-५ मिनिटं भाजा; खालून कडक झाल्याशिवाय उलथनं लावू नका. आणि हो, व्हीगन म्हणजे दूध-लोणीही नको, तेव्हा बेकरीत विचारून घ्या, पावात दूध पावडर किंवा बटर असू शकतं.