डॉग बिझनेससाठी कोच नेमायचाय? आधी स्वतःचा हिशेब मांडा

कुत्र्यांचं ट्रेनिंग असो, ग्रूमिंग (अंघोळ, केस कापणं), बोर्डिंग (मालक बाहेरगावी असताना कुत्रं ठेवून घेणं) की डे-केअर, धंद्याबद्दल सल्ला देणारा कोच शोधायला माणूस निघतो तो बहुधा थकल्यावरच. कॅलेंडर भरलेलं असतं, तरी महिनाअखेर हातात फारसं उरत नाही. अशा वेळी पहिल्याच कॉलवर रील्स आणि जाहिरातींबद्दल बोलू लागलेल्या कोचला सरळ नाही म्हणा. घ्यायला जागाच नाही, तिथे आणखी चौकशा आणून काय करणार? आजार म्हशीला आणि औषध पखालीला!

आधी चार आठवड्यांचे तास लिहून काढा. समजा, तुम्ही घरी जाऊन ट्रेनिंग देता. सेशन ६० मिनिटांचं, जाण्यायेण्यात ४०, नोट्स आणि व्हॉट्सॲपवरच्या शंकांना २०. म्हणजे दोन तास गेले आणि तासाचा खरा दर तुम्ही धरून चाललात त्याच्या निम्माच निघाला. ग्रूमरने टेबल पुसणं, ब्लेड साफ करणं आणि केसांच्या गुंत्यात गेलेला वेळही धरावा. गुंत्याचे वेगळे पैसे लावले नाहीत, तर दोन कुत्र्यांतच दुपार संपते. बोर्डिंगवाल्यांनी किती जागा किती रात्री भरल्या ते मोजावं. सुट्ट्यांत नकार द्यावे लागतात आणि एरवी निम्म्या जागा रिकाम्या, असं असेल तर सीझनचा दर, ॲडव्हान्स आणि रद्द होणारी बुकिंग यांकडे आधी बघायला हवं.

चांगला कोच हेच आकडे मागतो. खर्चात तुमचा स्वतःचा पगार धरलाय का, हेही विचारतो.

त्याला कुत्री कळतात का, हे मात्र तुम्ही तपासायचं. डे-केअरचं उत्पन्न वाढवायला एका माणसामागे १५ ऐवजी २५ कुत्री सोडा, असं सुचवणाऱ्यापासून लांबच राहा. खेळता खेळता एखादं कुत्रं ताठ होतं, तोंड मिटतं, नजर एकाच कुत्र्यावर रोखतं. त्याला बाजूला घ्यायला तेव्हा एक-दोन सेकंदच मिळतात. गर्दीत ते दिसत नाही आणि मारामारी जुंपते. मग उपचाराचं बिल, दुखावलेला क्लायंट, नोकरी सोडणारा कर्मचारी. वाढलेलं उत्पन्न त्यातच जातं.

सर्टिफिकेटं बघा, पण ती काय सांगतात ते समजून घ्या. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या एसीसी या कोचसाठीच्या सर्टिफिकेटला किमान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो. सीपीडीटी-केए ही परीक्षा डॉग ट्रेनरचं ज्ञान तपासते. धंदा चालवता येतो, हे दोन्हींतून सिद्ध होत नाही. तुमच्यासारखंच काम आणि तेवढीच टीम असलेल्या दोन जुन्या क्लायंटशी बोला. कोचिंग संपून सहा महिने झाल्यावर काय टिकलं, ते विचारा. स्वतः कोच व्हायचं असेल, तर असे दोन क्लायंट दाखवता येईपर्यंत मोठी पॅकेजेस विकू नका.

करार तीन महिन्यांचा, सेशन पंधरवड्याला एक. पैसे परत मिळण्याच्या अटी आणि गोपनीयता लेखी हवी, कारण उद्या तोच कोच तुमच्या स्पर्धकालाही सल्ला देऊ शकतो. दरवाढ ठरली, तर नवा दर आधी नव्या क्लायंटना लावा आणि जुन्यांना ३० दिवस आधी लेखी कळवा. त्या काळात किती जण गळाले, ते पुढच्या सेशनला घेऊन जा.