भुताखेतांचा सण? जरा अनोकाला या

ऑक्टोबर आला की घरच्या ग्रुपवर प्रश्न येतोच, ‘हॅलोविनला पोरांना भुतांची सोंगं काय घालता?’ यंदा अनोकाची मिरवणूक पाहून आले, तेव्हा नीट उत्तर देते.

अनोका हे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या उत्तरेला, रम नदी मिसिसिपीला मिळते तिथलं छोटं गाव. स्वतःला जगाची हॅलोविन राजधानी म्हणवतं आणि मला ते पटलंय. शंभर वर्षांपूर्वी इथली पोरं हॅलोविनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या रात्री धुडगूस घालायची. खिडक्यांना साबण फासायचा, परसातले संडास उलथवायचे, लोकांच्या गाई सोडून मेन स्ट्रीटवर हाकायच्या. वैतागलेल्या गावकऱ्यांनी १९२० साली याच पोरांना सोंगं घालून मिरवायला बोलावलं, खाऊ वाटला, शेकोटी पेटवली. पोरांच्या अंगातली रग त्यांनी ओळखली आणि तिला वाट करून दिली. केवढी शहाणी माणसं! मिरवणूक अजून निघते. मध्ये महायुद्धामुळे १९४२ आणि १९४३ ही दोन वर्षं तेवढी चुकली. शाळेची मुलं बाईंचा हात धरून चालतात, आणि रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेले आजी-आजोबा ओळखीचं नसलेल्या पोरासाठीही टाळ्या वाजवतात. माझ्या लेकीसाठीही वाजवल्या.

आणि आपल्या शिमग्यात काय होतं? होळीची लाकडं कोण पळवतं? काळ्या कपड्यांतला संकासूर पोरांच्या मागे धावतो तेव्हा कुणी म्हणत नाही की मुलांवर वाईट संस्कार होतील. मग माझ्या लेकीने चेटकिणीची टोपी घातली तर काय बिघडलं?

मूळ सण आयर्लंडकडचा. सुगी संपून हिवाळा लागताना गेलेली माणसं परत येतात, असं तिथे मानायचे. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेत आले आणि हा सण इथे रुजला. तिकडे सलगम कोरायचे, इथे भोपळे मिळाले. आता मात्र गेलेल्यांची आठवण कुणी काढत नाही, चॉकलेटं तेवढी उरली. इथे आपला पितृपक्ष उजवा, हे मी शेजारणीलाही सांगितलं.

लेक दिवाळीत किल्ला करते, शुभंकरोती म्हणते. एका संध्याकाळच्या टोपीने त्यातलं काही पुसलं जात नाही.

ऑक्टोबरात इकडे येणार असाल तर सोंगाचे कपडे दोन मापं मोठे घ्या. आतून जाड जॅकेट घालावं लागतं. १९९१ साली तर हॅलोविनलाच हिमवादळ आलं होतं.